चार बोटांचा सरवा

पंचफुलाआत्यानं पहिल्यांदा माणसाचं डोकं फोडलं तवा ती चौदा वर्षांची होती. ज्याचं फोडलं तो आश्रुबा, नदीपल्याडच्या एका शेताचा राखणदार. भुईमूग काढून झाला होता, रान रिकामं पडलं होतं अन् आत्या तिच्या मायसंगं मातीत ऱ्हायलेल्या शेंगा वेचायली होती. आश्रुबानं मागून येऊन मायच्या कमरेत लाथ घातली. ओटीतल्या शेंगा सांडल्या, त्या त्यानं टाचेखाली चेंदल्या. आत्याच्या हातात खुरपं होतं. तिनं ते उलटं धरून दांड्याकडनं त्याच्या कपाळावर हाणलं. "पात्याकडनं हाणलं असतं तर मेला असता," ती सांगायची. "मला इचार करायला येळ भेटला, म्हणून दांड्याकडनं हाणलं." असा इचार करणारी बाई ती.

मी नागेश, तिच्या भावाचा लेक. माय-बाप ऊसतोडीला जायचे, म्हणून मी आत्याच्या घरी वाढलो. तिची भाकर खाल्ली, तिचा मार बी खाल्ला. मोठा होऊन हार्वेस्टर चालवायलो. चालवत होतो म्हणा. उजवा हात अजून नीट वळत न्हाई. त्याचीच ही गोष्ट हाय.

शहरातून कुणी पाव्हणा आला की गावातले मन्मथआप्पांच्या मळ्याकडं बोट दाखवतेत अन् छाती फुगवून सांगतेत, "ह्यो मळा आमच्या गावाला पोसतो." मला ह्याचा लय राग येतो. आरं पोसतो, खरंय. पण त्या पोसण्यात कुणाचं किती रगत सांडलं ते कोण सांगणार? मग मीच सांगतो.

मळा आमच्या गावाच्या वरच्या अंगाला, बोरीच्या रस्त्याला लागून. एकशे वीस एकर. कागदावर चार भावांच्या नावानं, पण हुकूम एकट्या आप्पांचा. निंदणी-खुरपणीला गावच्या साठ बाया रोज तिथंच. बाळंतीण अडली की मळ्याचा ट्रॅक्टर. मोठ्या दुष्काळात आप्पांनी स्वतःचा ऊस वाळू दिला अन् हिरीचं पाणी गावाला सोडलं. येळवशीला, म्हणजे वेळ अमावस्येला, गाव सारं मळ्यात जेवायला. आंबील, भज्जी, बाजरीचे उंडे. हे सगळं खरं हाय. अन् हे बी खरं हाय की आत्या मळ्यावर कामाला लागली त्या पहिल्या साली आमच्या बौद्धवाड्याची पंगत बाभळीखाली, येगळी मांडली होती. आत्या उठली, आंबिलीचं मडकं उचललं अन् आप्पांच्या पायापाशी आदळलं. आप्पांच्या धोतरावर आंबील उडाली. दोन गडी धावून आले, आत्याला झिंज्या धरून ओढलं. आप्पा म्हणाले, "सोडा तिला." दुसऱ्या साली पंगत एकच होती अन् आप्पा स्वतः आमच्यात बसले. मडक्याचं एक खापर आत्यानं घरी कितीतरी वर्ष जपून ठेवलं होतं, त्यात ती मीठ ठेवायची.

आता सरव्याचं सांगतो. पीक काढून नेल्यावर रानात जे पडलेलं ऱ्हातं, तो सरवा. मळ्याचा दस्तूर असा की शेवटची ट्रॉली फाटकाबाहेर पडली की सिद्धम्मा, म्हणजे आप्पांच्या बायको, पदरात मूठभर दाणे घेऊन यायच्या. आमी त्यांना अम्मा म्हणतो. त्या ती मूठ रानात फेकायच्या अन् म्हणायच्या, "सरवा सुटला." तिथून पुढं खाली पडलेलं ते गावाचं. मालकाचा बी त्याच्यावर हक न्हाई. अन् मूठ पडायच्या आधी जो आत पाय टाकील, त्याला त्या साली सरवा न्हाई. मग तो कुणी का असंना.

पण पोटाला लागलं की दस्तूर कोण बघतंय! एका साली मूठ पडल्याबरोबर शंभर बाया एकदम आत घुसल्या. झिंज्या काय, चावे काय! एकीच्या हातातला इळा सुकेशनीच्या डोळ्यात गेला. तिची किंकाळी अजून माझ्या कानात हाय. आप्पांनी संतापून सांगितलं, "पुढच्या सालापासून सरवा बंद." सगळ्या खाली मान घालून उभ्या. आत्या म्हणली, "आप्पा, सरवा बंद नका करू. मला काठी द्या."

आप्पांनी त्यांच्या हातातली वेळूची काठी दिली. त्या दिवसापासून तीस वर्ष फाटकावर पंचफुलाआत्या. ज्या घरात कमावता माणूस न्हाई त्या बाया आधी. मग लेकुरवाळ्या. मग बाकीच्या बाया, अन् धडधाकट गडी सगळ्यात शेवटी. रांग मोडली की काठी. माझ्या मायला हाणली, सरपंचाच्या भावजयीला हाणली. एका साली आत्याचाच नवरा दारू पिऊन मुठीआधी आत शिरला. आत्यानं समद्या गावापुढं त्याचे दोन दात पाडले. तो तसाच तोंड धरून सेलूकडं गेला, तिथून रेल्वेत बसला अन् परत काही आला न्हाई. "बरं झालं," आत्या म्हणायची, "न्हाईतर रोज हाणावं लागलं असतं." बोलायची असं, पण त्याचा सदरा खुंटीला पाच वर्ष टांगून होता. मी बघितलाय.

मग मळ्यावर मशीन आली. आप्पांचा लेक शंभुराज, पुण्याला शिकून आलेला, त्यानं हार्वेस्टर घेतलं अन् चालवायला मला ठेवलं. सोयाबीन कापायला बाया लागंनात. अन् मशीनमागं सांडतंय काय? मोजून चार दाणे. पहिल्याच साली बायांच्या ओट्या रिकाम्या गेल्या. तवा आप्पांनी मला ओसरीवर बोलावलं. अम्मांनी चहा आणून दिला अन् तिथंच दाराला टेकून उभ्या ऱ्हायल्या.

"नागेश, ते कटर किती खाली धरतोस?"

"जमिनीला लावून, आप्पा. शंभूदादांनी तसंच सांगितलंय."

आप्पांनी हाताची चार बोटं जोडून माझ्यापुढं धरली. "एवढं वर धर. बुडख्याच्या शेंगा ऱ्हाऊ दे. चार बोटं. ना जास्ती ना कमी. शंभूला मी सांगेन कवातरी."

ते कवातरी आलंच न्हाई. त्या उन्हाळ्यात आप्पांना लकवा मारला, उजवं अंग गेलं अन् वाचा गेली. मी मात्र तीन वर्ष कटर चार बोटं वर धरलं. घरी आत्याला सांगितलं होतं. ती म्हणली, "आप्पांचा सबूद हाय, पाळ." शंभुराज गाडीतून उतरून रानात येतच नव्हता, त्याला काय कळतंय!

अन् मग यंदाचं साल. सप्टेंबरात आभाळ फाटलं. नदी गावात शिरली, खालच्या अंगाची सगळी रानं धुऊन नेली. आमच्या वाड्यातल्या घरांत कमरेएवढं पाणी होतं. कणग्यातली ज्वारी भिजली, तिला मोड आले. गावात कुणाकडं काही ऱ्हायलं नव्हतं. उभं होतं ते फक्त मळ्याचं सोयाबीन, कारण मळा उंचावर. सरवा विकूनच पोरांच्या पोटाला ज्वारी येणार होती. सरवा न्हाई तर चूल न्हाई, इतकी सरळ गोष्ट होती.

ऑक्टोबरात मशीन रानात घातली. फाटकाबाहेर बाया येऊन बसल्या होत्या. त्यांत सुकेशनी होती, एका डोळ्यानं माझ्याकडं बघायली होती. माझं डोकं फिरलं. मी कटरचा दांडा ओढला. आठ बोटं. तरी मन भरंना. आणखी ओढला. चार बोटांची मी वीत केली. मशीन पुढं जायली अन् मागं बुडख्याला शेंगाच शेंगा. मला लय बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. एकट्यानं गाव पोसायला निघाल्यासारखं वाटलं.

नेमका त्याच दिवशी, शेवटची ट्रॉली फाटकाबाहेर पडल्यावर, शंभुराज चिखल बघायला म्हणून पायी रानात आला. मशीनमागं वाकला. एक बुडखा उपटला, त्याच्यावरच्या शेंगा मोजल्या. मग पळत येऊन मला कॉलरला धरून सीटवरून खाली खेचला.

"चोरा! कुणासाठी ठेवलंस हे? तुझ्या लोकांसाठी?"

त्याच्यासंगं दोन गडी होते. एकानं पाय धरले, एकानं मान दाबली. शंभुराजच्या हातात टायर काढायची लोखंडी टॉमी होती. पहिला दणका मांडीवर बसला, दुसरा बरगडीवर. तिसऱ्याला मी हात आडवा घातला अन् मनगटाचं हाड मोडल्याचा आवाज मलाच ऐकू आला. मी वरडलो, "आप्पांनी सांगितलं होतं! आप्पांनी!" तर तो जास्तीच चवताळला. "बापाला बोलता येत न्हाई म्हणून त्याच्या नावावर खपवतोस?" मग तो जातीवर आला. ते शब्द मी हितं लिहीत न्हाई, ठाण्यात लिहून दिलेत.

फाटक तिथून दोनशे पावलं. आत्या काठी घेऊन उभी होती. तिनं बघितलं, कडीवर हात ठेवला अन् थांबली. मूठ पडली नव्हती. तीस वर्ष ह्याच फाटकावर तिनं ह्याच कारणानं बायांच्या पाठी फोडल्या होत्या. मी मातीत तोंड घालून पडलेलो, तोंडात रगत, अन् मला ती थांबलेली दिसली. खरं सांगतो, त्या येळेला मी तिला शिवी दिली.

मग तिनं कडी काढली. मागं वळून बायांवर वरडली, "कुणी आत यायचं न्हाई! मूठ पडली न्हाई अजून! जी पाय टाकील तिचा पाय मोडीन!" अन् एकटी आत आली.

अठ्ठावन्न वर्षांची बाई, पण काय पळाली! पहिला तडाखा माझ्या मानेवरच्या गड्याला. तो कोलमडला. दुसरा शंभुराजच्या कोपराला. टॉमी हातातून गळून पडली. "मालकाच्या अंगावर हात टाकतीस?" तो किंचाळला, डाव्या हातानं टॉमी उचलली अन् आत्याच्या कानावर घातली. ती गुडघ्यावर बसली. पांढरे केस लाल झाले, रगत लुगड्यावर सांडायलं. तिनं हातानं कान चाचपून बघितला, काठी टेकवली अन् पुन्हा उभी ऱ्हायली. फाटकाबाहेर बाया ऊर बडवून रडायल्या होत्या, पण एक बी आत आली न्हाई. तिच्या सबदाला इतक्या भ्यायच्या त्या.

बांधावर रोटावेटर लावलेला ट्रॅक्टर उभा होता. शंभुराज त्याच्यावर चढला. "मातीत घालीन सगळं, पण एक दाणा देणार न्हाई!" त्यानं चालू केला, रोटावेटर खाली सोडला. मागची पाती फिरायली, चिखल अन् शेंगा उडायल्या. आत्या ट्रॅक्टरच्या तोंडासमोर जाऊन मातीत मांडी घालून बसली. काठी मांडीवर आडवी. तो हॉर्न वाजवायलाय, शिव्या द्यायलाय. ट्रॅक्टर हळूहळू पुढं यायलाय. ती त्याच्याकडं बघत बी न्हाई. मला उठता येईना. मी रांगत निघालो, मोडका हात मातीतून फरफटत.

"शंभू."

अम्मा आल्या होत्या. पंचाहत्तरीची बाई, कपाळावर विभूतीचे पट्टे, अनवाणी, मळ्यातल्या घरून चिखलातून चालत. त्या सरळ ट्रॅक्टर अन् आत्याच्या मधी येऊन उभ्या ऱ्हायल्या. चाक त्यांच्यापासून हातभर.

"अम्मा, सरक बाजूला. ह्या चोरानं वीतभर वर धरलंय कटर. वीतभर!"

"त्याला तुझ्या बापानंच सांगितलं होतं. मी दारात उभी होते."

"वीतभर?"

अम्मांनी माझ्याकडं बघितलं. त्या दिवशी चहा त्यांनीच दिला होता. आप्पांची जोडलेली चार बोटं त्यांनी बघितली होती.

"व्हय," त्या म्हणाल्या. "वीतभर."

अन् पदर सोडला, मूठ भरली अन् रानात फेकली. "सरवा सुटला."

शंभुराजचा चेहरा काळाठिक्कर पडला. त्यानं ट्रॅक्टर बंद केला. उतरला अन् कुणाकडं न बघता घराकडं गेला. काही झालं तरी मूठ पडल्यावर रान त्याचं नव्हतं. एवढं त्याला बी कळत होतं.

मला वाटलं आता आत्या येईल, मला कुशीत घेईल. ती आली. काठी उचलली अन् माझ्या पोटरीवर सणसणीत तीन हाणल्या.

"आप्पा किती म्हणले होते?"

"चार बोटं."

"अन् तू?"

मी डाव्या हातानं वीत करून दाखवली.

"मुडद्या, चार बोटं होती तोवर तो सरवा होता. वीतभर धरलंस ती चोरी झाली. तुला काय वाटलं, तू दाता हायेस? तुझ्यापायी आज ह्या बायांचा सरवा जात होता. म्हातारीला ह्या वयात खोटं बोलायला लावलंस!" तिनं पदर फाडून माझं मनगट बांधलं, ते बी शिव्या देत देत. मी ढसाढसा रडलो. माराचं न्हाई, त्याचं काही वाटत नव्हतं. तिचं बोलणं खरं होतं म्हणून.

मग ती फाटकावर गेली. कानातून रगत गळायलंय अन् ही रांग लावायलीय. एकट्या बाया आधी. लेकुरवाळ्या. बाकीच्या. एकेकीला आत सोडलं. सगळ्या गेल्या तवा फाटक लोटून घेतलं अन् स्वतः बाहेर बसली.

सुकेशनीनं आतून हाक मारली, "पंचफुलाबाई, या की! नागेशचा हात मोडला, आता तुमी बी एकट्या बायांत बसता, तुमचा तर पहिला नंबर."

"मी मुठीआधी पाय टाकला. मला यंदा न्हाई."

घरात ज्वारीचा दाणा नव्हता. मला माहीत होतं, तिला माहीत होतं. सुकेशनी ओटीतून दोन मुठी घेऊन आली तर आत्यानं काठी उगारली. तिथंच बसून ऱ्हायली, शेवटची बाई बाहेर पडेपस्तोर. मग उठायला गेली अन् आडवी झाली.

परभणीला मोठ्या दवाखान्यात सात टाके पडले. डावा कान कायमचा गेला. माझ्या मनगटात स्टीलची पट्टी टाकली. दवाखान्याच्या खाटेवरूनच तिनं जबाब दिला, शंभुराजचं नाव, त्या दोन गड्यांची नावं, जातीवरचा एकेक शब्द. काहीच सोडलं न्हाई. स्वतः काठीनं कुणाला कुठं हाणलं ते बी लिहून घ्या म्हणली. शंभुराज महिनाभर आत ऱ्हायला. गावातले शहाणे येऊन बसायचे. "पंचफुलाबाई, मळा बंद पडला तर गाव काय खाईल? घ्या मागं." आत्या बहिऱ्या कानाकडनं त्यांचं ऐकायची.

येळवशीच्या चार दिवस आधी शंभुराज, जामिनावर सुटलेला, आमच्या दारात आला. पहिल्यांदाच. आत्यानं पाट दिला, पाणी दिलं. तो खाली बघत म्हणाला, "पंचफुलाबाई, केस मागं घ्या. सरवा मी चालू ठेवतो, सबूद देतो."

"सरवा तुझा हाय का, चालू ठेवायला?" आत्या म्हणली. "तो खाली पडलेला, गावाचा. अन् केस माझ्या कानाची हाय, पोराच्या हाताची हाय. ह्याच्या बदल्यात ते, असलं काही न्हाई. येळवशीला मी आंबील खायला येईन. तारखेला कोर्टात बी येईन."

तो उठायला गेला. मग म्हणाला, "पुढच्या साली कटर..."

आत्यानं चार बोटं जोडून त्याच्या नाकापुढं धरली. "एवढं. आप्पा एवढंच म्हणले होते. अम्मा खोटं बोलल्या, त्यांच्या लेकाला त्या दिवशी खून करण्यापासून वाचवायला बोलल्या. वीतभर कुणी म्हणलं न्हाई."

शंभुराजनं पहिल्यांदा वर बघितलं. "अन् नागेशला परत मशीनवर घेऊ का?"

मी दारातच उभा होतो. हात बरा झाला की दुसरं काय येतंय मला?

"घेऊ नको," आत्या म्हणली. "त्याचा हात सैल हाय."

त्या दिवशी मी जेवलो न्हाई. लय राग आला होता, अजून बी हाय. तिनं ताट झाकून ठेवलं अन् म्हणली, "जिंदगीभर खाऊ घालीन, पण मशीनवर बसू देणार न्हाई." पुढच्या हप्त्यात मळ्यातल्या तुरीचा सरवा सुटणार हाय. आत्यानं काठीला तेल लावून ठेवलंय. माझा नंबर धडधाकट गड्यांत, सगळ्यात शेवटी. हात मोडलेला चालत न्हाई का म्हणून मी इचारलं, तर तिनं नुसती काठी दाखवली.